चौथी कड

ती आधी सापडली इंदुमती आवटींच्या बोटांना.
तासगावच्या शेडवर अठरा वर्षं बेदाणा निवडणारी बोटं,
काडी, खडा, आंबूस दाणा
न बघता बाजूला सारणारी.
"दाण्यात खडा लागावा तसं लागलं, म्याडम."
केसपेपरवर त्याचं झालं:
गाठ, टणक, डावीकडे, तीन सेंटिमीटर.

मॅमोग्राफीत तिला काटे होते,
वरची कातडी आत ओढलेली.
सर्जन म्हणाले, "कॅन्सरच आहे. तू फक्त शिक्का मार."

मिरजेत आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर.
खाली सतारीचे भोपळे वाळत टांगलेले,
वर फॉर्मालिनचा वास,
आणि बागवान, जे मेणाच्या ठोकळ्यातून
तीन मायक्रॉनची पापुद्री कापतात
आणि कोमट पाण्यावर ती सोडताना श्वास धरतात.
श्वास लागला तर सुरकुती पडते,
आणि सुरकुतीत माणसाला काहीही दिसतं.

जांभळं, गुलाबी.
ज्यांना शोधत होते त्या पेशी नव्हत्याच.
होत्या त्या लांबट, चातीसारख्या,
एकाच दिशेनं फणी फिरवलेल्या.
केंद्रकं साधी. फुटणारी पेशी शोधण्यात
चहा गार झाला.
इतक्या सभ्य,
आणि कडेला जाऊन बघावं
तर चरबीत बोटं खुपसलेली.

सभ्यपणाची मला भीती वाटते.
एक कॅन्सर असाच असतो,
साध्या तंतूंचं सोंग घेऊन बसतो,
केरॅटिनच्या डागाशिवाय ओळख देत नाही.
२०११ साली मी फसले आहे.
ती स्लाइड ड्रॉवरमध्ये आहे, वरच्याच.

म्हणून ब्लॉक पुण्याला. नऊ दिवस.
सर्जनचे चार फोन:
"एका शब्दात सांग ना. हो की नाही."

दहाव्या दिवशी केरॅटिन: नाही.
दुसरं केरॅटिन: नाही. तिसरं, तेही नाही.
सीडी चौतीस: नाही.
बीटा-कॅटेनिन मात्र तपकिरी,
थेट केंद्रकाच्या आत,
घरचाच माणूस
कुलपाच्या खोलीत सापडावा तसं.

लिहिलं: फायब्रोमॅटोसिस, डेस्मॉइड प्रकार.
दूर जात नाही. जागच्या जागी शिरत राहते.
काढली तरी परत येऊ शकते.

रिपोर्ट न्यायला त्या स्वतः आल्या, एसटीनं.
"कॅन्सर न्हाई म्हंता. मग बरं हाय म्हंता का?"
"तसंही नाही."
"मग आपल्यात काय म्हणायचं हिला?"

वीस वर्षं मी ही नावं लिहितेय,
कुणी आपल्यातलं नाव मागितलं नव्हतं.
मी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला.

त्याच म्हणाल्या, "बागंत हरळी असती बघा.
इख न्हाई तिच्यात. गणपतीला वाहतो की आपण.
पर खणताना एक कांडं राहिलं, तर..."
आणि पदर सारखा करून उठल्या.
जाताना बेदाण्याची पुडी ठेवली.
बागवानांनी आणि मी दुपारपर्यंत संपवली.
एकही काडी लागली नाही.

पुढच्या महिन्यात काढलेला तुकडा आला.
कडांना काळी शाई लावली.
तीन कडा मोकळ्या.
चौथीवर, शाईच्या अगदी अलीकडे,
एक लांबट रेघ.
तंतू असेल. जुन्या बायोप्सीचा व्रण असेल.
नसेलही.

फोन वाजतोय.
मी ब्लॉक बागवानांकडे सरकवते:
"अजून खोल जा."
ते पंखा बंद करतात.
श्वास धरतात.